नेम उंबऱ्याशी

चिंचोटीहून अंजूरफाट्याकडे जाणारा रस्ता कामणमधून जातो. माथ्यावर कामणदुर्ग, पायथ्याशी आदिवासी पाडे आणि रस्त्याच्या कडेने गाळे नि गोदामं. याच वाटेने रात्रंदिवस कंटेनर आणि टेम्पो भिवंडीकडे ये-जा करतात. आपण घरबसल्या मागवलेल्या कितीतरी वस्तू अशा रस्त्यांवरून येतात. आणि इथून काही किलोमीटरांवर, गोखिवऱ्याच्या भोईदापाड्याला, वसई-विरारचा कचरा जाऊन पडतो. वस्तू निघते कुठून आणि संपते कुठे, हे या पट्ट्यात राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. या दोन ठिकाणांच्या मधला मुक्काम म्हणजे आपली घरं.

नवं वर्ष लागलं की आपण ठरवतो, यंदा घर आवरायचं, अडगळ काढायची. दोन रविवार कपाटं उपसली जातात, पिशव्या भरून बाहेर जातात, आणि होळीपर्यंत कपाटं पुन्हा भरतात. आपला संकल्प उशिरा सुरू होतो, हे याचं कारण. वस्तू घरात शिरल्यावर तिची विल्हेवाट लावायची, एवढंच आपण ठरवतो. खरा प्रश्न ती उंबरा ओलांडण्यापूर्वीचा आहे.

१९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी आश्रमवासीयांना दर मंगळवारी एकेका व्रतावर पत्र लिहीत. ‘मंगल प्रभात’ या नावाने ती पुढे पुस्तकरूपात आली. अस्तेयाबद्दल त्यांचं म्हणणं कडक आहे. गरज नसलेली वस्तू देणाऱ्याच्या संमतीने घेतली, तरी ती चोरीच. आणि व्रताबद्दल ते म्हणतात, ‘शक्यतो पाळीन’ असं म्हणणाऱ्याने आपली दुर्बलता आधीच कबूल केलेली असते. आज हे जड वाटेल. पण हाच विचार आपल्या घरांनी फार सोप्या रीतीने जपला होता. चातुर्मासाचा नेम आठवून पाहा.

आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चार महिने. वांगं सोडायचं, नाहीतर मीठ, नाहीतर एक वेळचं जेवण. शेतात आणि चुलीपाशी राबणाऱ्या बायकाही हा नेम पाळत, कारण तो एकच असे आणि आवाक्यातला असे. त्याला मुदत होती. तो देवासमोर आणि घरच्यांसमोर बोलून धरलेला असे, त्यामुळे ताटात चुकून ती भाजी आली तर आठवण करून द्यायला चार माणसं असत. आणि उद्यापनाला, जे सोडलं तेच दान द्यायचं. मीठ सोडलं असेल तर मीठ. म्हणजे सोडण्याचा शेवट देण्यात होई. आपल्या नव्या वर्षाच्या संकल्पांना यातलं काहीच नसतं. ते एकाच वेळी दहा असतात, मुदतीविना असतात आणि मनातल्या मनात केलेले असतात.

लंडनच्या एका विद्यापीठातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी सवय धरली. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, हेही दिसलं. चार महिन्यांची जुनी मुदत म्हणूनच शहाणपणाची वाटते. तेवढ्या काळात बऱ्याच जणांची सवय मुरते.

मग यंदा संक्रांतीपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत एक नेम धरता येईल. सुरुवात वाणापासूनच करावी. सुगडात पूर्वी ऊस, बोरं, हरभरे, गाजर, तीळ असत. खाऊन संपत आणि सुगड मातीचं. आता हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे लुटले जातात आणि घरोघरी तसेच पडून राहतात. या वर्षी वाण संपणारं द्यावं. गूळ, शेंगदाणे, नाहीतर वसईच्या वाडीतल्या भाजीची जुडी. पुढचे तीन-चार महिने, जुनी वस्तू मोडल्याशिवाय तिच्या जागी नवी आणायची नाही, एवढाच नेम. ज्यांना तब्येतीसाठी काही करायचं असेल त्यांनी रात्रीच्या जेवणानंतर फोन हातात न घेता घरच्यांबरोबर चालावं. दोन्ही एकदम नकोत. एकच घ्यावा.

अक्षय्यतृतीया हा तर दानाचाच दिवस. वाचलेले पैसे त्या दिवशी गोदामात ओझी वाहणाऱ्या एखाद्या कामगाराच्या मुलाच्या वह्या-पुस्तकांना द्यावेत. आपल्या दारात पोहोचणाऱ्या प्रत्येक खोक्यामागे कुणाची तरी पाठ वाकलेली असते, आणि आपण टाकलेलं दुसऱ्या कुणाच्या तरी वस्तीशेजारी साचतं. म्हणून घरात कमी वस्तू असणं ही केवळ आपल्या सुखाची गोष्ट नाही, ती शेजारधर्माची आहे.

नेम ठरला की मनात ठेवू नये. आज रात्री सगळे जेवायला बसतील तेव्हा, मुलांसमोर, मोठ्याने सांगावा. आणि एखाद्या दिवशी चुकला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरावा.