गट बदलला, काटा तोच

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत नव्या माणसाला आधी विचारतात तालीम कुठली, मग गट कुठला. पक्ष कोणी फारसा विचारत नाही आणि त्यात शहाणपण आहे. २०२१ ची गोकुळ दूध संघाची निवडणूक आठवा. काँग्रेसचे मंत्री सतेज पाटील एका पॅनेलमागे, तर काँग्रेसचेच आमदार पी. एन. पाटील महादेवराव महाडिकांबरोबर समोरच्या पॅनेलमागे. राष्ट्रवादीचे हसन मुश्रीफ सतेज पाटलांच्या शेजारी. दोन्ही पॅनेलच्या नावात राजर्षी शाहू. पुढच्या दोन वर्षांत राज्यात पक्षच फुटले, मुश्रीफ महायुतीत गेले, तरी गोकुळातली जोडी त्यामुळे लगेच मोडली नाही. पक्ष कितीही असोत, कोल्हापुरात शेवटी सामना दोन गटांचाच होतो.

२०१९ मध्ये लोकसभेला ‘आमचं ठरलंय’, २०२३ मध्ये राजाराम साखर कारखान्याच्या निवडणुकीला ‘कंडका पाडायचा’. सतेज पाटलांच्या गटाच्या घोषणा फक्कड होत्या, आणि टपरीवर त्यांची मजा मीही घेतो. कंडका मात्र पडला नाही. राजाराम महाडिकांकडेच राहिला. गोकुळात २०२१ ला सत्तांतर झालं, २१ पैकी १७ जागा नव्या आघाडीला गेल्या. ज्याला त्याला आपला गट जिंकल्याचा किंवा हरल्याचा हिशेब तोंडपाठ असतो. दुधाचा हिशेब किती जणांना पाठ आहे?

मतदार कोण, हेही बघितलं पाहिजे. गोकुळची स्थापना १९६३ ची, दूध घालणारे लाखांनी. २०२१ ला मत दिलं ते प्राथमिक दूध संस्थांनी ठराव करून नेमलेल्या साडेतीन हजारांच्या आसपास प्रतिनिधींनी. ज्या बाईच्या हाताला पहाटे धारेचा वास असतो, तिच्या नावावर बऱ्याच घरांत सभासदत्वसुद्धा नसतं. तिच्यापर्यंत हे राजकारण येतं ते जेवणावळी आणि बॅनरच्या रूपानं. तिचा पैसा ठरतो तो गावातल्या संस्थेच्या काट्यावर.

‘श्रीमंत आणखी श्रीमंत व्हायला लागलाय, गरिबाचं काय खरं नाही,’ हे वाक्य पेठेत रोज ऐकू येतं. पाऊस लांबला म्हणावं, तितक्याच निवांतपणे ते म्हटलं जातं. मला हा निवांतपणाच खटकतो. विषमता आभाळातून पडत नाही. ती कुठे तयार होते, ती जागा बोट ठेवून दाखवता येते. संस्थेत किटली काट्यावर रिकामी होते, नमुना फॅटच्या यंत्रात जातो, पडद्यावर आकडे येतात, छापील पावती हातात पडते: लिटर, फॅट, एसएनएफ, दर. आता समजा काटा दशांशानंतर एकच आकडा धरतो आणि पुढचा सोडून देतो. ५.३९ लिटर दूध ५.३ होतं. असं दर खेपेला सरासरी ४५ मिली सुटलं, तर दोन वेळचं मिळून वर्षाला सुमारे ३३ लिटर. म्हशीच्या दुधाला ५० रुपये धरले, तर साडेसोळाशे रुपये. दोनशे उत्पादकांच्या संस्थेत सव्वातीन लाखांच्या वर. यात कोणी चोर असायलाच पाहिजे असं नाही. आकडा कुठे तोडायचा, हे यंत्रातल्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी एकदा लिहिलं, बस्स. उसाच्या काटामारीवर शिरोळ-हातकणंगल्यात गेली कित्येक वर्षं ओरड आहे. तिथेही वजन आता पडद्यावरच दिसतं.

वैधमापन खात्याचा शिक्का असतो, मान्य. पण शिक्का तपासणीच्या दिवसाचा. फोक्सवॅगन कंपनीनं मोटारींत असं सॉफ्टवेअर घातलं होतं की तपासणी चालू आहे हे ओळखून इंजिन तेवढ्यापुरतं कमी धूर सोडायचं. २०१५ मध्ये ते उघडकीला आलं, तेव्हा जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत ते बसलेलं होतं. जर्मनीतल्या नामांकित कंपनीच्या बाबतीत हे होऊ शकतं, तर आपल्या काट्यातला प्रोग्रॅम बंद पेटीत का ठेवायचा? ज्या यंत्रावर सभासदाचा पैसा ठरतो, त्याचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स असलं पाहिजे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही बघता आणि तपासता आला पाहिजे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर माणूस डोळ्यांसमोर काढलेली धार पितो. त्याला फेस किती आणि दूध किती हे दिसतं. मागणी तेवढीच आहे.

मात्र ओपन सोर्सचे भक्त जिथे थांबतात, तिथे मी थांबत नाही. कोड उघडा ठेवला म्हणजे कोणी वाचतोच असं नाही. जगातल्या असंख्य वेबसाइटना कुलूप लावणाऱ्या ओपनएसएसएल या ओपन सोर्स प्रणालीत हार्टब्लीड नावाची मोठी चूक दोन वर्षं तशीच पडून होती; २०१४ मध्ये ती सापडली. आपल्या सहकाराचंही तेच. पोटनियम छापील, ताळेबंद छापील, वार्षिक सभा कायद्यानं बंधनकारक. आणि सभेत काय होतं? ‘मंजूर, मंजूर’. २०१८ ला गोकुळला मल्टिस्टेट, म्हणजे बहुराज्य संस्था, करण्याच्या वादात त्याची सभा गोंधळात काही मिनिटांतच उरकली होती.

कोल्हापूरकराला वाचता येत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. शहरातल्या टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्याबरोबर सगळ्या पक्षांची माणसं कृती समितीत आली. वाद नुसता घोषणांवर राहिला नाही, रस्त्यांच्या पुनर्मूल्यांकनापर्यंत गेला, आणि टोल गेला. प्रश्न आकड्यांचा झाला, तेव्हा वेगवेगळ्या पक्षांची माणसं एका रांगेत उभी राहिली. काट्याचा कोड वाचू शकणारी पोरं इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आहेत, वजनकाटा खोलून बघणारे हात उद्यमनगरात आहेत. त्यांना कोणी सांगितलेलं नाही, एवढंच.

पेठेतल्या पुष्कळ घरांची मुळं करवीर, पन्हाळा, राधानगरीच्या गावांत आहेत आणि गावाकडच्या संस्थेत घरातल्या कोणाचं तरी नाव आहे. यंदा सभेची नोटीस आली की तिच्यावर सही करून ती फ्रिजवर ठेवू नका. लेखी विचारा: आपला काटा १० मिलीपर्यंत मोजतो का, त्यातला प्रोग्रॅम कोणाचा आहे, आणि तो सभासदांच्या माणसाला तपासू देणार का? उत्तरही लेखीच मागा, मग अध्यक्ष कुठल्याही गटाचा असो.