हरवलेल्या थरांचा हिशेब

केलेल्या कर्माची नोंद उरली नाही, तर ते फुकट गेले काय? सज्जनहो, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या रखरखीत मुलखात, एका दरीच्या भिंतीवर पाहावयास मिळते.

कोलोरॅडो नदीने तिथे सुमारे एक मैल खोल दरी कोरली आहे. तिला ग्रँड कॅन्यन म्हणतात. वाळूचे, गाळाचे, चुन्याचे थर पोथीच्या पानांसारखे एकावर एक बसलेले. सगळ्यांत वरचा सुमारे २७ कोटी वर्षांचा. तळाशी काळपट खडक, सुमारे १७० कोटी वर्षांचा. त्याला भूशास्त्रज्ञांनी नाव दिले आहे ‘विष्णु’! पण नावाशीच थांबू नका, पुढे बघा.

त्या खडकावर पुष्कळ ठिकाणी एकदम सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा वाळूचा खडक टेकलेला आहे. मधली शंभर कोटींहून अधिक वर्षे गेली कुठे? ती पाने कोरी नव्हती. तिथे डोंगर होते. ऊन-वारा-पाण्याने झिजून वाहून गेले.

वाहून गेले, पण नाहीसे झाले नाहीत. त्यांचा कण न् कण दुसरीकडे गाळ होऊन बसला. नाव गेले, माती कामी आली.

माणसाचेही तसेच. वाटेवर तहानलेल्याला पाणी पाजले, ते कोण लिहून ठेवतो? पण त्या घोटावर तो चार कोस पुढे चालतो. तेव्हा नोंदीची हाव कशाला? आणि हेही ध्यानात असू द्या, कुणी पाहिले नाही म्हणून वाईट कर्मही मिटत नाही. तेही कुठेतरी गाळ धरतेच.