कुलूपबंद घराचा धर्म

मोहगावच्या जुन्या वस्तीतून जाताना कुलूप घातलेली दारे शोधावी लागत नाहीत. महाशिवरात्रीला अर्धनारीश्वराच्या दर्शनासाठी घरधनी येतात, ओसरी झाडतात, देवापाशी दिवा लावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नागपूरची वाट धरतात. हा इतरांवरचा ठपका नव्हे. आमच्यापैकी कित्येकांची घरे याच ओळीत उभी आहेत.

१९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली त्यातूनच पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. सीमा बदलल्या, परंतु शिक्षण, दवाखाना, सोयरीक आणि संत्र्यांचा बाजार यांसाठी आमची पावले नागपूरकडेच वळत राहिली. त्या शहराची लोकसंख्या २००१ साली २०.५२ लाख होती, ती २०११ साली २४.०५ लाख झाली. त्या वाढीत आमचीही मुले मोजली गेली आहेत.

माणसे वाढली म्हणजे घरे वाढणारच. तथापि, त्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या सुमारे पावणेअठरा टक्क्यांनी वाढली, तर जनगणनेतील घरे (यांत दुकाने व कचेऱ्याही आल्या) २४.९ कोटींवरून ३३.१ कोटींवर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशाने वाढली. रिकामी घरे दीड कोटीवरून अडीच कोटींच्या घरात पोहोचली. कुटुंबे लहान झाली, शहरांत घर ही गुंतवणूक झाली आणि गावात भावाभावांच्या हिश्शांचा निकाल लागेना.

मग प्रश्न उरतो तो असा : आपले घर रिकामे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोठवर आहे? घर वाडवडिलांच्या घामाचे आहे, म्हातारपणी परतण्यासाठी एक दार असावे, भाडेकरू निघाला नाही तर काय, या शंका खोट्या नाहीत. परंतु बदलीवर आलेला शिक्षक खोली विचारीत दारोदार फिरतो, तेव्हा त्याला आपण आधी आडनाव विचारतो, हेही खोटे नाही. तेथे आपल्याला घराची काळजी असते की आणखी कशाची, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे.

अठराव्या शतकात देवगडचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. आपल्यातील अनेक घराण्यांच्या आठवणी त्याच काळापर्यंत पोहोचतात. तेव्हा आपले पूर्वज या मुलखात परके होते. ते येथे स्थिरावले, ते कोणीतरी त्यांना सामावून घेतले म्हणूनच. ते ऋण ज्यांचे, त्यांना आता फेडता येणार नाही. मात्र आज दाराशी आलेल्या परक्याला ओसरी देता येईल.

मालकी आपलीच राहो. योग्य करार करून एक खोली उघडावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा दिनांक ठरला आहे. त्या मोजणीत आपला वाडा घर म्हणून नोंदला जाईलच. तो राहते घर म्हणून नोंदला जावा की रिकामे, हे ठरविणे अजून आपल्या हाती आहे.