साक्षी आणि कर्ता

सांख्यांनी पुरुषाला द्रष्टा ठरवून कर्तृत्वाचा सारा भार प्रकृतीवर टाकला; मुंडकोपनिषदातील दोन पक्ष्यांपैकीही एक फळ चाखतो आणि दुसरा नुसता पाहतो. जो नुसता पाहतो तो निर्लेप, ही आपल्या तत्त्वचिंतनाची जुनी श्रद्धा कॅनबेरा विमानाच्या पोटाखाली उभे राहिले की डळमळू लागते.

१३ मे १९४९ रोजी इंग्लंडात प्रथम उडालेल्या या जेट बॉम्बफेकी विमानाची टेहळणी आवृत्ती घडवताना मूळ काया तीच राहिली. धड चौदा इंच लांबले, आणि जेथे संहार भरायचा तेथे कॅमेरे, प्रकाशगोळे व जादा इंधन आले. वैमानिकाचा सोबती नाकाडात पालथा पडून काचेतून खालचा मुलूख न्याहाळी. भारतीय हवाई दलाने दोन्ही प्रकार घेतले. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून गेलेल्या कॅनबेरांनी दाबोळीच्या विमानतळावर बॉम्ब टाकले. त्याच सुमाराच्या वर्षांत १०६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे जगमोहन नाथ अक्साई चीन व तिबेटवरून चिनी जमवाजमव टिपत होते.

मग हे पाहणे निष्पाप म्हणावे काय? १० एप्रिल १९५९ रोजी, ऐन ईदच्या दिवशी, आपले एक टेहळणी कॅनबेरा पाकिस्तानने रावळपिंडीनजीक पाडले; पाडणाऱ्याने त्याला निर्लेप मानले नाही, आणि खरे सांगायचे तर त्याच्या जागी आपणही मानले नसते. वेदान्तातील साक्षी पाहिलेले कोणाला जाऊन सांगत नाही. वैमानिकाचे पाहणे मात्र हुकुमाने सुरू होते आणि दफ्तरात दाखल होते, म्हणून ते आरंभापासूनच कर्म होय. त्याचे नाते त्या पक्ष्यापेक्षा संजयाशी अधिक, आणि संजयाचे काम यथार्थ पाहून यथार्थ सांगण्यापाशी संपते. तेथून पुढचा दोष ऐकणाऱ्याचा: दृष्टी उसनी मिळाल्यावरही जो सिंहासनावर स्वस्थ बसतो, त्याला आंधळेपणाची सबब उरत नाही. १९६२ साली छायाचित्रे हाती होती, बॉम्बफेकी विमानेही होती. ती विमाने चिनी सैन्यावर पाठवावयाची नाहीत, असा निर्णय दिल्लीने घेतला. तो शहाणपणाचा होता की भित्रेपणाचा, यावर वाद घालावा. परंतु तो अज्ञानाचा होता, असे कोणी म्हणू नये.

नाथ यांना महावीरचक्र मिळाले, आणि १९६५च्या युद्धातील कामगिरीबद्दल दुसऱ्यांदा मिळाले. दोन्ही वेळी त्यांच्या विमानात बॉम्ब नव्हते.