अंगावरची जर्सी आणि मनातले माहेर



6 जून 2024 रोजी अमेरिकेतील डॅलस येथे टी-ट्वेंटी विश्वचषकाचा एक सामना बरोबरीत सुटला आणि निकाल सुपर ओव्हरवर गेला. सौरभ नेत्रावळकर या डावखुऱ्या गोलंदाजाने ती ओव्हर टाकली आणि अमेरिकेने पाकिस्तानला हरवले. सौरभ मुंबईत जन्मलेला आणि मुंबईतच वाढलेला. 2010 साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला होता, पुढे मुंबईकडून रणजी सामनाही खेळला. 2015 साली तो उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेला, संगणक अभियंता झाला आणि नोकरी सांभाळून त्याने पुन्हा चेंडू हाती घेतला. त्या विजयानंतर आपल्याकडे ‘आपला पोरगा’ म्हणून त्याचे कौतुक झाले.

सहाच दिवसांनी, 12 जूनला, न्यू यॉर्कला अमेरिकेची गाठ भारताशी पडली. त्याच सौरभने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर शून्यावर आणि रोहित शर्माला तीन धावांवर बाद केले. सामना भारताने जिंकला, पण टीव्हीसमोर बसलेल्या अनेकांच्या मनात एक प्रश्न आला: हा मुलगा नक्की कोणाचा?

आज आपण याच प्रश्नावर थोडे चिंतन करू या. हा प्रश्न फक्त खेळाडूंचा नाही. ज्यांची मुले परदेशी गेली त्या आईवडिलांचा तो आहे, आणि ख्रिस्ती म्हणून या देशात राहणाऱ्या आपणा सर्वांचाही आहे.

आपला नरखेड तालुका सीमेवरचा. पलीकडे पांढुर्णा. 1956 सालापर्यंत अलीकडची आणि पलीकडची माणसे एकाच मध्य प्रदेश राज्यात राहत होती आणि त्याची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात आले, पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. नकाशावर रेघ पडली, पण सोयरीक तुटली नाही. आजही इकडच्या मुली तिकडे नांदतात आणि तिकडच्या सुना इकडे येतात. सासरी मनापासून राबणारी सून माहेरच्या आठवणीने डोळे पुसते, म्हणून तिला कोणी फितूर म्हणत नाही. उलट, जी माहेरला विसरली ती सासरला तरी काय जीव लावणार, असेच आपल्या आयाबाया म्हणतील.

पवित्र शास्त्रात रूथची कथा आहे. रूथ मवाब देशाची. नवरा वारल्यावर नामी या तिच्या सासूने तिला माहेरी परत जायला सांगितले. ती गेली नाही. सासूचे लोक आणि सासूचा देव तिने आपले मानले आणि बेथलेहेमच्या शेतात सरवा वेचून तिने सासूला जगवले. तरीही शास्त्र तिला पुढेही ‘मवाबी’ असेच म्हणत राहते. तिचे माहेर कोणी पुसून टाकले नाही. त्याच रूथच्या वंशात दावीद राजा झाला, आणि संत मत्तयाने प्रभू येशूची वंशावळ लिहिताना तिचे नाव आवर्जून घेतले. माया दोन घरांवर असू शकते, हे परमेश्वराला मान्य आहे.

आपल्या संत्र्याच्या बागांतही हेच दिसते. झाडाचा खुंट जंबेरीचा असतो. त्यावर संत्र्याचा डोळा बांधतात. मूळ जंबेरीचे, फळ संत्र्याचे. जंबेरीने पाणी ओढले नाही तर संत्रे वाढणार नाही. मुंबईच्या मैदानावर घेतलेले शिक्षण अमेरिकेच्या संघाला फळले, यात मुंबईची नाचक्की नाही.

मुंबईच्याच एजाज पटेलचे उदाहरण घ्या. आठ वर्षांचा असताना तो आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला. डिसेंबर 2021 मध्ये त्याच्या जन्मगावी, वानखेडे मैदानावर, न्यूझीलंडकडून खेळताना त्याने भारताचे एका डावातले दहाच्या दहा गडी बाद केले. कसोटीच्या इतिहासात त्याच्या आधी हे फक्त जिम लेकर आणि अनिल कुंबळे यांना जमले होते. वानखेडेच्या प्रेक्षकांनी आणि भारतीय खेळाडूंनी त्याला टाळ्या दिल्या. नोव्हेंबर 2024 मध्ये तो पुन्हा तेथे आला, सामन्यात अकरा गडी बाद केले आणि न्यूझीलंडने मालिका 3-0 अशी जिंकली. त्याने जन्मगावाची लाज राखली ती हातचे राखून नव्हे, तर पूर्ण ताकदीने खेळून. जन्मगावाच्या मायेपोटी त्याने दोन चेंडू सैल टाकले असते, तर तो न्यूझीलंडशी खोटे वागला असता आणि मुंबईनेही त्याचे कौतुक केले नसते.

मग निष्ठा दुभंगते तरी केव्हा? माया दोन ठिकाणी असली म्हणून नव्हे, तर शब्द दोन ठिकाणी दिला तर. सून दोन्ही घरांवर माया करते, पण दोन घरी नांदत नाही. आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार जो भारतीय स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो, त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. ‘ओसीआय’ कार्ड मिळते, पण ते नागरिकत्व नव्हे. त्या कार्डावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. भारताच्या संघातून खेळायचे तर भारताचाच पासपोर्ट हवा, असे धोरण केंद्र सरकारने 2008 साली ठरवले.

हा नियम किती जड आहे ते अराता इझुमीला विचारावे. वडील भारतीय, आई जपानी, जन्म जपानचा. पुण्याच्या संघातून तो फुटबॉल खेळत होता. भारताकडून खेळण्यासाठी त्याने जपानचे नागरिकत्व सोडले, 2012 साली भारताचे घेतले आणि 2013 साली तो भारताच्या संघात उतरला. 2025 साली रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले. त्याची आई मुंबईची, आणि आजोबा संतोष करंडकात मुंबईकडून खेळलेले. दोघांनी निवड केली, उघडपणे केली आणि तिची किंमत मोजली. माया दोन्हीकडे असेल, पण शब्द एकच दिला.

कोणालाही दोन धन्यांची सेवा करता येत नाही, असे प्रभूने शिकवले ते आठवून कोणी म्हणेल, मग दोन देशांवर प्रेम कसे चालेल? पण प्रभूने तेथे ज्या दोन धन्यांविषयी सांगितले ते दोन देश नव्हेत. एक परमेश्वर आणि दुसरा पैसा. क्रीडाजगतात हा दुसरा धनी फार मोठा झाला आहे. 2003 साली केनियाचा धावपटू स्टीफन चेरोनो कतारचा नागरिक झाला, त्याने सैफ सईद शाहीन असे नाव घेतले आणि त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यत कतारसाठी जिंकली. कतार त्याला आजन्म मानधन देणार, असे तेव्हा वृत्तपत्रांत छापून आले होते. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मात्र त्याला धावता आले नाही, कारण तीन वर्षांच्या अटीत सूट द्यायला केनियाने नकार दिला. गरिबीतून वर येणाऱ्या मुलाला आपण दोष देऊ नये. नागपूर-पुण्यात नोकरी शोधणाऱ्या आपल्या मुलांनाही तीच ओढ असते. पण ज्या व्यवस्थेत माणसाचे पाय विकत घेतले जातात आणि त्याचे नावही बदलते, तिच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहायला हवे.

संत पौलाचे पाहा. तो यहुदी होता, तार्स नगराचा होता आणि रोमचा नागरिकही होता. येरुशलेमात त्याला फटके मारायला बांधले, तेव्हा त्याने आपले रोमी नागरिकत्व उघड सांगितले. सरदार म्हणाला की त्याला हा हक्क पुष्कळ पैसे मोजून मिळाला होता. पौलाने सांगितले की त्याच्याकडे तो जन्मानेच आला होता. पौलाने रोमचा कायदा मानला, आपल्या यहुदी बांधवांसाठी त्याचे काळीज तुटत होते आणि फिलिप्पैकरांना त्याने लिहिले की आपले खरे नागरिकत्व स्वर्गातले आहे. या तीन गोष्टींत त्याला भांडण दिसले नाही, कारण संपूर्ण हृदय त्याने फक्त परमेश्वराला दिले होते.

बंधू-भगिनींनो, येथे आपला प्रश्न येतो. आपण संख्येने थोडे आहोत. चौकात, शाळेत, नोकरीच्या ठिकाणी आपल्यालाही कधी हसत, कधी टोचून विचारले जाते: तुम्ही नरखेडचे की रोमचे? याचे उत्तर रागाने देऊ नये आणि घाबरूनही देऊ नये. आपण नरखेडचे आहोत. आपली मुळे या काळ्या मातीत आहेत, आपले मत येथे आहे, आपला कर येथे आहे, आपले मृत येथे पुरले आहेत. पोपमहाशयांसाठी आपण प्रार्थना करतो, त्याने आपले भारतीयत्व तसूभरही कमी होत नाही. देश आपल्याकडे प्रामाणिक सेवा मागतो, आणि ती त्याला पुरेपूर द्यायला हवी. संपूर्ण हृदय मात्र परमेश्वराचे आहे. ते कोणत्याही देशाने मागू नये आणि आपण कोणत्याही खेळाडूकडून देशाच्या नावाने मागू नये. ‘गद्दार’ हा शब्द उच्चारणारा माणूस नेमके तेच मागत असतो.

म्हणून या आठवड्यात दोन गोष्टी करू या. परदेशी असलेल्या आपल्या मुलाने फोनवर सांगितले की त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले, तर ‘आम्हाला विसरलास’ असे म्हणू नये. ज्या देशाला त्याने शब्द दिला त्याच्याशी तो इमानाने वागतो का, आणि देवाला विसरला नाही ना, एवढे विचारावे. आणि पुढच्या सामन्यात समोरच्या संघात कोणी आपल्या नावाचा, आपल्या भाषेचा खेळाडू दिसला, तर आपल्या मुलांच्या देखत त्याला शिवी देऊ नये. भारत जिंकावा अशी इच्छा जरूर धरावी, आणि त्याचा चेंडू चांगला पडला तर टाळीही द्यावी. मुले आपल्याकडूनच शिकतात.

दोन घरांची माया जपणाऱ्या सर्वांना प्रभू खरेपणाची कृपा देवो. आमेन.