मूर्ती आणि खोटे माप

मूर्तिपूजा वाईट का, असे कोणी विचारले तर आपण चटकन सांगतो, दगडात देव नसतो म्हणून. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. सुमारे २७५० वर्षांपूर्वी आमोस नावाच्या एका हिब्रू मेंढपाळाने या प्रश्नाच्या मुळालाच हात घातला.

आमोस यहूदातील तकोवा गावचा. मेंढरे राखावी, उंबराच्या झाडांची निगा करावी, हा त्याचा धंदा. दुसऱ्या यराबाम राजाच्या अमदानीत तो शेजारच्या इस्राएल राज्यात, बेथेलला गेला. तेथे सोन्याच्या वासराची पूजा चाले. ते वासरू पहिल्या यराबामाने बसविले होते. प्रजा उपासनेसाठी यरुशलेमला जात राहिली तर आपल्या हातून निसटेल, ही त्याची भीती. म्हणजे हे वासरू सिंहासनाच्या सोयीसाठी जन्मले!

दुसऱ्या यराबामाच्या काळी राज्यात भरभराट होती. पण कोणाची? धनिक हस्तिदंती पलंगांवर लोळत होते. धान्य विकताना माप लहान, तराजू खोटा. न्यायासाठी लाच. वहाणांच्या एका जोडापायी गरीब माणूस विकला जाई. गरिबाचे गहाण पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, असे हिब्रूंचे नियमशास्त्र सांगत होते. कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याजवळ दुसरे काही नसे. हे लोक मात्र तसलीच पांघरुणे वेदीपाशी पसरून त्यांवर आरामात पडत, आणि दंड म्हणून उकळलेला द्राक्षारस देवळातच पीत.

यातील मर्म ध्यानात घ्या. नैवेद्य कोठून आणला, असे वासरू कधी विचारत नाही. म्हणूनच शोषकाला असा देव फार आवडतो. त्याच काळातील होशेयाने सांगितले की, हे वासरू कारागिराने घडविलेले आहे, त्याचे तुकडे होतील. आमोस त्याही पुढे गेला. वेशीवर न्याय मिळत नसेल तर माझ्या ईश्वरालाही तुमचे सण, होम आणि गाणी नकोत, असे त्याने बजावले. म्हणजे ज्या देवाला मूर्ती नाही, त्याची पूजादेखील अन्यायावरचे पांघरूण होऊ शकते.

यावर अमस्या पुरोहिताने काय केले? हा कट आहे, असे राजाला कळविले. आणि आमोसाला सुनावले की, हे राजाचे पूजास्थान आहे, तू आपल्या देशी जाऊन पोट भर. पुरोहित नकळत खरे बोलून गेला. ते स्थान राजाचेच होते! पुढे इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या सैन्याने राजधानी शोमरोन जिंकली आणि ते राज्य बुडाले.

आपण आमोसाचा ईश्वर मानत नाही. पण त्याची कसोटी घ्यायला काय हरकत आहे? घरातील मूर्ती काढणे हे एका दिवसाचे काम; ते आपण केले. मजुराची मजुरी वेळेवर देणे, समितीच्या पैशाचा हिशेब चोख ठेवणे, अडलेल्याच्या गरजेचा फायदा न घेणे, हे रोजचे काम आहे. देव्हारा रिकामा झाला, ठीक झाले. आता आपापले माप तपासा.