मुक्कामी गाडी

संध्याकाळी सातच्या सुमारास शेवटची एसटी गावात येते, पाराला वळसा घालते आणि तोंड पुन्हा रस्त्याकडे करून उभी राहते. उतारू पांगतात. चालक-वाहक हातपाय धुतात, कोणाच्या तरी घरून भाकरी येते आणि गाडी रात्रभर तिथेच थांबते. सकाळी सहाला तीच गाडी तालुक्याला निघते. हिला मुक्कामी म्हणतात. वाशिमसारख्या जिल्ह्यात सार्वजनिक वाहतूक शाबूत आहे की नाही, हे मी आगारातल्या गाड्यांच्या संख्येवरून ठरवणार नाही. किती गावांत गाडी मुक्कामाला राहते, एवढेच विचारीन.

कारण सकाळी सहाच्या गाडीत कोण बसते ते पाहावे. साडेसातच्या तासाला पोचायचे असलेली अकरावी-बारावीची मुले, कोर्टात तारीख असलेला कास्तकार, दुधाची कॅन, आणि दवाखान्याची चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधलेली एखादी म्हातारी. जिल्ह्याला २०२४ साली वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, ही मोठी गोष्ट झाली. पण बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो. गावातून पहिली गाडी दहाला निघत असेल, तर त्या म्हातारीच्या दृष्टीने दवाखाना बांधलाच गेलेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाखांच्या घरात होती आणि शंभरातली ८२ माणसे खेड्यात राहत होती. पहाटेची गाडी ही त्यांची गरज आहे.

मुक्कामी बंद पडत गेल्या, त्याची काही कारणे खरी आहेत आणि ती प्रवाशांनीही ऐकून घेतली पाहिजेत. दिवसभर गाडी हाकलेल्या माणसाला रात्री गाडीच्याच बाकावर, डासांत झोपावे लागते. अनेक गावांत त्याच्यासाठी शौचालय नसते, पिण्याचे पाणीही कोणाला तरी मागून घ्यावे लागते. महिला वाहकांना अशी कामगिरी देणे तर अवघडच. मग मार्च २०२० ची टाळेबंदी आली आणि ऑक्टोबर २०२१ पासून पुढच्या एप्रिलपर्यंत लांबलेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप आला. या काळात थांबलेल्या कितीतरी फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. त्यांची जागा काळी-पिवळीने आणि ॲपेने घेतली. ती भरल्याशिवाय निघत नाहीत, आणि अंधार पडला की मिळतीलच याची खात्री नसते.

पण फेरी बंद करताना कागदावर बहुधा एकच शब्द येतो: भारमान. गाडीत किती जागा होत्या आणि त्यांतल्या किती भरल्या, याचे हे प्रमाण. महामंडळाला हिशेब ठेवावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. चूक आहे ती एकेका फेरीचे भारमान सुटे काढून निर्णय घेण्यात. सकाळी नऊच्या गाडीने रिसोडला निघणारा माणूस संध्याकाळी परतायला गाडी आहे, या भरवशावर निघतो. संध्याकाळच्या फेरीत बारा माणसे असतात म्हणून ती तोडली, की दुसऱ्या दिवशीपासून ती बारा माणसे सकाळच्या गाडीतूनही कमी होतात. चार महिन्यांनी सकाळच्या फेरीचे भारमान घसरलेले दिसते, मग तीही तुटते. कागदावर दोन्ही वेळा निर्णय बरोबर ठरतो आणि गाव मात्र रस्त्यावरून उठते. मुलींच्या बाबतीत हे आणखी लवकर घडते. परतीची गाडी चुकली किंवा आलीच नाही, असे दोनदा झाले तरी घरात शाळेचा विषय निघतो.

जिल्ह्याची रचनाही या प्रश्नात आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम वेगळा झाला. जिल्हाधिकारी आले, जिल्हा परिषद आली. एसटीचा विभाग मात्र अकोल्याचाच राहिला. वाशिम, रिसोड, मंगरूळपीर आणि कारंजा येथे आगारे आहेत, मालेगाव आणि मानोरा यांना आगार नाही. आगार नसलेल्या तालुक्यात पहाटेची गाडी हवी असेल, तर ती आदल्या रात्री तिथे येऊन थांबली पाहिजे, नाहीतर पहाटे दुसऱ्या तालुक्यातून रिकामी धावत आली पाहिजे. म्हणजे मानोऱ्याच्या तांड्यांना मुक्कामीची गरज सर्वांत जास्त. मानोरा तालुक्यातल्याच पोहरादेवीला यात्रेच्या दिवसांत जादा गाड्या लागतात आणि त्या सोडायलाच हव्यात. पण त्याच परिसरातल्या तांड्यावरची मुलगी वर्षातले दोनशेहून अधिक दिवस शाळेत जाते, तिची गाडी यात्रेइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

रेल्वेची मदत थोडी आहे. अकोला-पूर्णा मार्ग २००८ मध्ये रुंद झाला, पण सहा तालुक्यांच्या ठिकाणांपैकी गाडी थांबते ती वाशिमलाच. कारंज्याला मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची शकुंतला रेल्वे होती. हळू होती, पण गरिबाला परवडणारी होती. तीही थांबली. आता समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांच्या शिवारातून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या, त्यांच्या गावाला फाट्यापर्यंत नेणारी गाडी असणे हा त्यांचा साधा हक्क आहे.

सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. बायका एकट्या माहेरी, बाजाराला, दवाखान्यात जाऊ लागल्या, याचे मोल पैशात करता येत नाही. मात्र ही सवलत गाडीत चढलेल्या बाईला मिळते. जिच्या गावची फेरी बंद आहे, तिच्या वाट्याला ती येत नाही. फेरीसाठी पैसे देण्याचे उदाहरणही आपल्याकडे आहे: मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या. राज्यातल्या १२५ तालुक्यांत त्या मुलींच्या शाळेसाठी धावतात आणि त्यांचा खर्च शासन उचलते.

हेच सगळ्या फेऱ्यांसाठी कसे करता येते, ते इटलीत दिसते. तिथे १९९७ च्या एका कायद्याने ‘किमान सेवा’ ही कल्पना आणली. शाळा-नोकरीची ये-जा, सरकारी कचेऱ्या आणि दवाखान्यापर्यंतची पोच लक्षात घेऊन प्रादेशिक सरकारांनी किती सेवा किमान असावी ते ठरवायचे, सेवा चालवणाऱ्याशी करार करायचा आणि भाड्यातून न निघणारा खर्च सार्वजनिक तिजोरीतून द्यायचा. भाड्यातून निदान ३५ टक्के खर्च निघावा, अशी अटही घातली. पार्मा, फेरारासारख्या मध्यम शहरांच्या बस याच चौकटीत चालतात. आपला १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा पुरेशी आणि सुसूत्र सेवा द्यायला सांगतो, आणि व्यावसायिक तत्त्वाने वागायलाही सांगतो. ‘पुरेशी’ म्हणजे किती, ते गावागणिक कोणी ठरवलेच नाही. म्हणून वाद झाला की व्यावसायिक तत्त्व जिंकते.

वाशिमपुरते हे ठरवता येईल. ज्या गावात माध्यमिक शाळा नाही, तिथे पहाटे एक आणि संध्याकाळी एक फेरी किमान धरावी. त्या फेऱ्यांचे किलोमीटर मोजून पैसे शासनाने महामंडळाला द्यावेत आणि फेरी रद्द झाली तर ते कापावेत. सुरुवात मानोऱ्यापासून व्हावी. ग्रामपंचायतीने आपल्या इमारतीलगत एक खोली द्यावी: दोन खाटा, पंखा, मच्छरदाणी, शौचालय, पाण्याचा माठ आणि आतून लागणारी कडी. खोलीची किल्ली सरपंचाकडे न ठेवता गाडीच्या वाहकाकडेच राहावी.